वैनगंगेचा कार्तिक

थंड पाण्यात पोहणाऱ्यांच्या जगात वैनगंगेला कुणी थंड म्हणणार नाही. त्यांची मापंच वेगळी. पाणी ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली असेल तरच त्यांच्या लेखी ते खरं बर्फाळ पोहणं. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यती १६ अंशांखाली होत नाहीत. इंग्लिश खाडी पोहण्याच्या हंगामात साधारण १५ ते १८ अंशांवर असते. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून सात सामुद्रधुन्या पोहणारा पहिला आशियाई ठरला. त्या सातांतल्या काही ठिकाणचं पाणी असं, की भंडाऱ्याच्या माणसाने त्यात बोटही घातलं नसतं. कार्तिकातली वैनगंगा सहसा विशीच्या खाली येत नाही. युरोपातला पोहणारा तिला कोमट म्हणेल.

तरीही पहाटे पाचला वैनगंगेकाठी पवनीच्या घाटावर दात वाजतात.

शरीराला थंडी कळते ती फरकाने. आपली कातडी साधारण ३३ अंशांवर असते आणि पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढतं. २३-२४ अंशांची हवा म्हणजे सुखाची संध्याकाळ. तेवढंच पाणी छातीला लागलं की श्वास वर ओढला जातो. पण कार्तिकातली गंमत पुढे आहे. ऑक्टोबरभर नदीने पोटात साठवलेली उन्हाची ऊब पाणी लवकर सोडत नाही. हवा मात्र रात्रीतून उतरते. नोव्हेंबरच्या मध्याला पहाटेचा पारा पंधरा-सोळापर्यंत आला की पाणी हवेपेक्षा गरम झालेलं असतं. नदीवर त्या वेळी धुकं लोळताना दिसतं त्याचं कारण हेच: पाण्यातून उठणारी वाफ गार हवेत बारीक थेंब होऊन पांढरी दिसते. म्हणजे खरा बाका प्रसंग पाण्यात शिरताना येत नाही, बाहेर पडताना येतो. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, वाऱ्याची एक झुळूक, आणि कापडातलं पाणी उडून जाताना अंगाची ऊब घेऊन जातं. म्हणून घाटावर जुनी माणसं गळ्यापर्यंत पाण्यात निवांत उभी असतात आणि नवखा मनुष्य पटकन एक बुडी मारून पायरीवर कुडकुडत असतो.

कार्तिकस्नानाचा हिशेब कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा. महिनाभर रोज, सूर्य उगवण्याआधी. देवळात काकडा, नदीवर स्नान, तुळशीला पाणी, द्रोणात वात लावून दीपदान. नेमाने करणाऱ्यांत बायका जास्त, त्यातही साठीपुढच्या. पुण्याचा भाग ज्याचा त्याने बघावा. मला या नेमात शरीरशास्त्र दिसतं. कोजागिरीला ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा अजून असतो, पाणी जवळजवळ ऊबदारच असतं. तिथून रोज थोडं थोडं ते उतरत जातं आणि रोज थोडं थोडं अंगही तयार होत जातं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गार पाण्याचा धक्का वर्षानुवर्षं अभ्यासला. गार पाण्यात एकाएकी उतरलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, नाडी आणि रक्तदाब उसळतात. दोन-तीन मिनिटांत हे सगळं ओसरतं. आणि पाच-सहा वेळा अशा छोट्या बुड्या घेतल्या की हा धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो, शिवाय ही सवय महिनोन् महिने टिकते. पाच-सहा वेळा! कार्तिकाचा पहिला आठवडाही पुरा होत नाही. पौषात अचानक एका पहाटे उठून नदी गाठा, असं आपल्याकडे कुणी सांगितलेलं नाही. माघस्नान करणारेही बहुतेक कार्तिकात मुरलेलेच असतात.

पायरीवरची रीतही पाहण्यासारखी आहे. बाई पाण्यात थेट उतरत नाही. आधी वाकून ओंजळभर पाणी पायांवर, मग हातांवर, मग डोळ्यांना, मग टाळूवर. मग एक पायरी खाली. गुडघा बुडाला की पुन्हा ओंजळ, या वेळी छातीवर आणि मानेमागे. तोंडाने काहीतरी पुटपुटणं सुरूच असतं, गंगेचं नाव, यमुनेचं नाव, मध्येच सुनेची तक्रारही. पुटपुटणारं तोंड म्हणजे सोडला जाणारा श्वास. धाप लागायला जागा उरत नाही. कमरेपर्यंत आलं की नाक धरून तीन बुड्या. बाहेर आली की आधी केस पिळायचे, मग सुकं लुगडं आडोशाने ओल्यावरून गुंडाळून ओलं खाली सोडायचं, उघड्या अंगाला वारा लागू द्यायचा नाही. एवढं सगळं अंधारात, घसरड्या दगडावर, एका हातात तांब्या धरून. पोहायच्या पोशाखाचे आणि ऊबदार झग्यांचे जे महागडे प्रकार आता शहरांत विकत मिळतात, त्यांनी या कौशल्यापुढे मान खाली घालावी.

तेलाचंही सांगून टाकतो. नरक चतुर्दशीला तेल-उटणं लावून पहाटे अंघोळ करायची, म्हणजे तेलाने थंडी अडते असा आपल्याकडे समज आहे. कॅप्टन मॅथ्यू वेबने १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली तेव्हा त्यानेही अंगाला एका जलचराचं तेल फासलं होतं. पण तेलाचा पातळ थर थंडी अडवत नाही. फार तर कातडी सोलवटण्यापासून वाचवतो. कार्तिकव्रतात तर महिनाभर अंगाला तेल वर्ज्यच, अपवाद फक्त नरक चतुर्दशीचा. व्रताला तेलाची गरज वाटलेली नाही.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. या गावाला असल्या विशेषणाची गरज नाही, कारण त्याचं वय त्याहून मोठं आहे. तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथे मुचलिंद नागाचं शिल्प सापडलं. बुद्धावर पाऊस कोसळत असताना फणा धरणारा हा नाग. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे माणसं नदीकाठी राहत होती आणि पाण्यापासून राखणारा देव त्यांना हवा होता. आजच्या घाटांची नावं दिवाण घाट, वैजेश्वर घाट अशी. पायऱ्या उतरताना एका बाजूला स्नान, दुसरीकडे अस्थिविसर्जन, मध्ये म्हशी. कुणाचं कुणाला काही वाटत नाही.

नदी येते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावातून. बालाघाटकडून वळसा घालून ती महाराष्ट्रात शिरते, बाघ, बावनथडी, सूर, कन्हान घेत भंडारा आणि पवनीवरून खाली गडचिरोलीकडे जाते, आणि शेवटी वर्धेला भेटून प्राणहिता होते. भंडारा आणि पवनी यांच्या दरम्यान आंभोरा लागतं. तिथे कन्हान, आम आणि काही लहान नद्या वैनगंगेला मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी विवेकसिंधु हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, इथेच लिहिला अशी या भागाची श्रद्धा. अंबेजोगाईकर त्यावर हक्क सांगतात. दिवाळीच्या दिवसांत तो वाद नको.

आता नदी बदलली कशी, ते. पावसाळा सरला की वैनगंगेचं वागणं एकेकाळी ठरलेलं असे. भाद्रपदात गढूळ, दोन्ही काठ भरून. आश्विनात पाणी निवळायला लागायचं. कोजागिरीपर्यंत पात्राच्या कडेने रेतीच्या पांढऱ्या पट्ट्या उघड्या पडायच्या आणि त्यानंतर त्या रोज रुंदावत जायच्या. शरद म्हणजे उतरणारं पाणी. घाटाची एकेक पायरी रोज कोरडी होत जायची, तळ दिसायचा, धार कमरेइतकी उरायची. पोरांच्या पोहण्याचा हाच हंगाम. पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, पुढच्या पिढीत सायकलची, मग ट्रकची ट्यूब आली. पहिले काही दिवस काठच्या रेतीत हात टेकवून पाय मारायचे. मग कुणीतरी मोठा भाऊ डोंग्यातून धारेत ढकलून द्यायचा. ओढ होती, पण ती तुम्हाला पुढच्या रेतीच्या वळणावर आणून टाकायची. नदीच गुरू आणि नदीच पकडणारी.

शिकवणारे बहुतेक ढिवरांचे. भंडाऱ्यात मासेमारी करणारा ढिवर समाज मोठा, आणि नदीचं ज्ञान त्यांच्याकडे पोथीत नसलं तरी पक्कं होतं. कुठला डोह बारमाही, कुठे भोवरा, पूर ओसरल्यावर रेती कुठे घट्ट आणि कुठे पाय रुतवणारी. पाणी उतरलं की हीच माणसं उघड्या पडलेल्या रेतीत डांगर-टरबुजाच्या वाड्या लावत. सकाळी जाळं, दुपारी वाडी. शरद ऋतूत त्यांच्या कामाचा अर्धा भाग बदलत असे आणि तो बदल नदी ठरवत असे.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. अकरा किलोमीटरहून लांब मातीचा बांध, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टरच्या सिंचनाचं स्वप्न. २००८ च्या सुमाराला हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुनर्वसन, खर्च, कालवे यांवर विदर्भात इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. या लेखाच्या कामाची गोष्ट वेगळी आणि लहान आहे. धरणाने शरद उलटा केला.

पावसाळ्यात पूर आला की दरवाजे उघडून पाणी सोडायचं आणि पाऊस सरला की जलाशय भरून घ्यायचा, हा कुठल्याही धरणाचा रिवाज. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. म्हणजे ज्या दिवसांत नदी उतरायची, नेमक्या त्याच दिवसांत आता ती चढते. धरणाच्या वर, आंभोऱ्यापासून भंडाऱ्याच्या वेशीपर्यंत, पाणी थांबून असतं. कार्तिकात जी पायरी कोरडी व्हायची ती आता पाण्याखाली. रेतीची पट्टी नाही, धार नाही, म्हणून ढकलून देणारी आणि पकडणारीही नाही. पाण्याला ओढ नसली की ते सोपं वाटतं. खरी फसगत तिथेच आहे. वाहत्या नदीत पाणी वरखाली घुसळलेलं, सगळीकडे एकसारखं. साचलेल्या खोल पाण्यात वरचा हातभर थर उन्हाने तापलेला आणि खाली पाय सोडले की एकदम गार. सूर मारणाऱ्याला हा फरक वरून दिसत नाही. द्रोणातला दिवा पूर्वी सोडला की धारेला लागून जात असे. आता तो काठाशीच जलपर्णीत अडकून विझतो, हे सांगताना भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या बाजूच्या बायका हसतात, रागवत नाहीत.

पवनी मात्र धरणाच्या खाली. तिथलं दुखणं दुसऱ्या टोकाचं. पायरीपाशी पाणी किती असेल, हे आता पावसापेक्षा दरवाजे ठरवतात. विसर्ग वाढवला की नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे असा निरोप फोनवर येतो. पोरांच्या खिशात फोन नसतो, चड्डीला खिसाच नसतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीला वरून, सिवनीकडच्या संजय सरोवरातून, सोडलेलं पाणी आणि इकडचा पाऊस मिळून जो पूर आला, त्यात भंडारा शहराचे सखल भाग बुडाले. त्या दिवसांनंतर नदीकडे पाहण्याची नजर बदलली. आधी पाण्याचा अंदाज काठावर बसून घेत. आता बातमीत पाहून घेतात.

मग पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न येतो, आणि तो नागपुरातून येतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला. पूर्वी ती घाण वाहत्या पाण्यात थोडीफार विरायची, आता ती थांबलेल्या जलाशयात उतरते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या योजनेला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती पुरी होईल तेव्हा होईल. तोवर आंभोऱ्याला बुडी मारणाऱ्या भाविकाने पाणी तोंडात जाऊ देऊ नये, अंगावर जखम असेल तर उतरू नये आणि घरी जाऊन साबणाने पुन्हा अंघोळ करावी. तीर्थात स्नान केल्यावर घरी येऊन अंघोळ करायची, हा क्रम आमच्या आज्यांना सांगितला असता तर त्यांनी आम्हालाच गोमूत्र पाजलं असतं.

त्याच आंभोऱ्यावर २०२४ च्या सुरुवातीला तारांच्या आधाराने तोललेला देखणा पूल झाला. नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे जोडणारा. पुलाच्या मनोऱ्यात काचेची गॅलरी आहे. तिथून संगमाचं निळं पसरलेलं पाणी पाहायला रविवारी गर्दी होते, खाली जलपर्यटनाच्या बोटी चालवायची योजना आहे. पाणी पाहायचं आणि पाण्यावरून फिरायचं. पाण्यात उतरायचं मात्र कुणी बोलत नाही. मला त्यात दोष एवढाच दिसतो की पाण्यात उतरायची सोय न करता ज्यांना पाण्याजवळ बोलावलं, त्यांतले काही तरुण उतरणारच.

आणि ते बुडतात. देशात बुडून मरणाऱ्यांची नोंद वर्षाला तीस हजारांच्या वर जाते, आणि त्यात पोहायला येत नव्हतं असेच सगळे असतात असं नाही. भंडाऱ्यातल्या बातम्या वाचल्या की तपशील सारखे वाटतात: गणपती-दुर्गा विसर्जन, मित्रांचा घोळका, एकजण खोल पाण्यात, त्याला काढायला दुसरा. रेतीउपशाने पात्रात ठिकठिकाणी खड्डे झालेत. वैनगंगेची रेती नागपूरच्या इमारतींत गेली आणि तिची जागा पाण्याने भरली. वरून सपाट दिसतं, पुढचं पाऊल दहा फुटांवर. त्यात गार पाण्याचा पहिला अर्धा मिनिट. बुडणारा हातपाय मारत दमतो ते याच अर्ध्या मिनिटात. ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक संस्थेने म्हणून एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात भरवली: पाण्यात पडलात तर आधी पोहू नका, उताणे होऊन तरंगा, श्वास थाऱ्यावर आला की मग हात मारा. आपल्या भोपळा बांधलेल्या पोराला हेच पहिल्या दिवशी शिकवत. भोपळा काही पोहत नव्हता, फक्त तरंगत होता.

कुणी बुडालं की आजही आधी शोध होतो तो ढिवराचा. जिल्ह्याचं शोध-बचाव पथक आहे, नागपूरहून राज्य आपत्ती दलाचे जवान येतात, त्यांच्याकडे बोटी आणि कॅमेरे असतात. पण पाणी कुठे खोल गेलं आणि ते कुठे फेकेल, हे काठावरचा म्हातारा हात दाखवून सांगतो. धरण झाल्यापासून त्याचा हात पूर्वीसारखा ठाम उठत नाही, कारण ज्या नदीचा तो जाणकार होता ती आता खाली कुठेतरी आहे.

थंड पाण्यात खरोखर तासन् तास राहणारी माणसं भंडाऱ्यात नदीवर नाही, तळ्यावर भेटतात. जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारीत वाढलेले, १९५१ नंतर सरकारजमा झालेले, आता कागदोपत्री ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. शरद लागला की या तळ्यांत शिंगाड्याची तोडणी सुरू होते आणि ती थंडी वाढत जाईल तशी चालूच राहते. सकाळी धानाच्या बांध्यांवर दंव असतं तेव्हा ढिवर बायापुरुष छातीभर पाण्यात. जवळ ट्यूब किंवा लहान डोंगा, त्यावर टोपली. पाण्यावर पसरलेला पानांचा गोल एका हाताने उलटायचा, देठाखालची हिरवी-लाल फळं दुसऱ्या हाताने खुडायची, वेल तुटू द्यायचा नाही, गोल पुन्हा पाण्यावर सपाट ठेवायचा. शिंगाड्याच्या दोन्ही शिंगांना काटे. पाण्याने मऊ पडलेली बोटं फाटतात आणि गारठ्याने बधिर असल्याने ते लगेच कळतही नाही. इथे पाच मिनिटांची बुडी नाही. गार पाण्यात पहिला धक्का ओसरल्यावर पुढचा टप्पा बोटांचा असतो: दहा-वीस मिनिटांत पकड सुटत जाते, मग दंड, मग पाय. पोहणारा अशा वेळी काठाकडे वळतो. तोडणारा टोपली भरली की वळतो. मध्ये एकदा बाहेर यायचं, काठावर पेटवलेल्या काटक्यांशी हात शेकायचे, चहा, तंबाखू, पुन्हा आत.

तळ्याचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मासळी आणि शिंगाडा मिळून वर्ष काढायचं. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला तर वेल कुजतो, कमी पडला तर तळं लवकर आटतं. माल सकाळी दहाच्या आत बाजारात पोचला पाहिजे. काही फळ कच्चंच जातं, काही मोठ्या गंजात उकडून काळंभोर होऊन भंडारा, साकोली, तुमसरच्या बसथांब्यांवर टोपल्यांत बसतं. उरलेलं वाळवून दळायला जातं. कार्तिकी एकादशीला घाटावरून परतणाऱ्या बाया वाटेत त्याच टोपलीपाशी थांबतात, भावावरून घासाघीस करतात आणि उपासाला पावशेर शिंगाडे पदरात बांधून नेतात. टोपलीवाली बाई नोटा घेते तेव्हा तिच्या बोटांना बांधलेली चिंधी अजून ओली असते. तळ्यावरून ती सरळ इथेच आलेली असते.